शिव्या खाणारा माणूस

त्याला सगळे खिळ्या म्हणत. आठवडाभर तो फर्निचरच्या कारखान्यात स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा. फळ्यांना रंधा मारायचा, बिजागऱ्या बसवायचा, एखादं दार कुरकुरलं तर ते काढून पुन्हा बसवायचा. आणि रविवारी दुपारी, पुलापलीकडच्या जुन्या गोदामात, काळी बनियन घालून तो भर गर्दीसमोर माणसं फोडायचा.

फोडायचा म्हणजे, शोची कुस्ती ती, बघणाऱ्यांना तसं वाटायचं. तरी त्यातलं बरंचसं खरंच होतं. खुर्ची लोखंडी असायची, तार काटेरी असायची, ट्यूबलाइट पाठीवर फुटली की काच कातडीत शिरायचीच. आधी ठरलेलं असायचं ते एवढंच, की कोण हरणार आणि का हरणार.

या ‘का’वर खिळ्याचा फार जीव. नवीन मल्ल यायचे, पहिल्याच मिनिटाला धडाधड खुर्च्या हाणायचे, टेबलं मोडायचे, रक्त काढायचे आणि लोक जांभया देतात म्हणून चिडायचे. खिळ्या त्यांना बाजूला घेऊन विचारायचा, “मारलंस कशाला त्याला?”

“कशाला म्हणजे? मॅच होती.”

“ते झालं रे. तुला राग कसला आला होता?”

पोरं हसायची. म्हातारा झालाय, म्हणायची.

तो स्वतः टेबल घरून बनवून आणायचा, पातळ प्लायचं, खालून अर्धवट करवत फिरवलेलं. मॅच सुरू झाल्या झाल्या तो ते रिंगमध्ये ओढायचा, पाय उघडून कोपऱ्यात नीट उभं करायचा आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. बघायचे ते लोक. समोरचा मल्ल मागं सरत सरत टेबलापर्यंत गेला की गोदामभर “अरे अरे” व्हायचं. तो निसटला की सगळे हुश्श करायचे. असं चार-दोनदा झालं की लोकांचा जीव त्या टेबलात अडकायचा. आता ते मोडलं नाही तर फसवणूक, आणि मोडलं तर काळजाचा ठोका चुकणार. तोवर खिळ्या समोरच्याचा एकच गुडघा धरून बसलेला असायचा. तोच पिरगाळायचा, त्याच्यावरच खुर्ची घालायचा. सगळीकडे मारलं तर लोकांना नेमकं दुखतंय कुठं ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि हे सगळं करताना तो दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतलं एखादं तोंड हेरून ठेवायचा, शक्यतो एखाद्या पोक्त बाईचं. प्रत्येक पाप तिच्या डोळ्यांत बघून करायचा. अख्ख्या गोदामाला एकदम राग आणता येत नाही, पण एका बाईला आणता येतो. ती चिडून उभी राहिली की मागचे आपोआप उभे राहतात.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी चालायचा तो म्हणजे बिजली. बिजली दिवसा वायरमन होता, लोकांच्या भिंतींवर शिडी लावून पंखे-दिवे जोडणारा. उंच, हसऱ्या तोंडाचा माणूस. पिवळ्या गुडघापट्ट्या घालून तो रिंगमध्ये आला की बाया-पोरं बाकांवर चढायची. मार खाण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तो पडला की बघणाऱ्याला घरचंच कुणी पडल्यासारखं वाटायचं, आणि उठला की लोक गळा फाटेस्तोवर ओरडायचे. वर्षानुवर्षं खिळ्या मारत आला आणि बिजली उठत आला. गोदाम त्यावर चालायचं.

शोचा मालक पूर्वी तंबू आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा. त्याचा एक नियम होता, खिळ्या आणि बिजली बाहेर कुठंही एकत्र दिसता कामा नयेत.

“लोकांना सगळं ठाऊक असतं रे,” तो समजावायचा. “पण दोन तास ते विसरायला येतात. तुम्ही दोघं कुठं गप्पा मारत चहा पिताना दिसलात की त्यांना आठवणार. मग कशाला येतील?”

खिळ्याला हे पटायचं. म्हणून दोघांची दारं वेगळी, बस वेगळी. सराव शटर ओढून, मालकासमोर, कामापुरता. इतकी वर्षं बरोबर काढून दोघं कधी एका बाकावर शेजारी बसले नाहीत.

पण रिंगमध्ये बोलायचे. बिजलीची मान काखेत आवळून धरली की दोघांची तोंडं जवळ यायची आणि खिळ्याच्या दाढीआड काय चाललंय ते कुणाला दिसायचं नाही. सुरुवातीला ते कामाचंच असायचं. “गुडघा?” “सांभाळून.” “डोळ्यात काच गेली?” “नाही, चालू दे.” हळूहळू बाकीचंही त्यात यायला लागलं. एकदा खिळ्यानं दात विचकून त्याचा गळा आवळला होता, लोक शिव्या घालत होते, तेवढ्यात बिजली खालून म्हणाला, “मुलगी झाली. काल.”

“अरे वा! तब्येत बरी आहे दोघींची?”

“एकदम.”

“अभिनंदन रे,” असं म्हणून खिळ्यानं त्याचं डोकं कोपऱ्याच्या खांबावर आपटलं.

खिळ्याच्या घरचंही असंच बिजलीच्या कानी पडायचं. खिळ्याचं लग्न झालं होतं. बायको शिवणकाम करायची, शांत स्वभावाची होती. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बायकोनं तिला ताटकळत ठेवलं. मागून आलेल्यांना सामान दिलं, हिला नाही. घरी येऊन ती म्हणाली, “तुम्ही त्यांना एकदा जाऊन सांगा ना, की हा खेळ आहे म्हणून.”

“त्यांना माहीत आहे.”

“मग त्या अशा का वागतात?”

“खेळ चांगला होतोय म्हणून.”

पुढं वर्षभर ती लांबच्या दुकानात जात राहिली, आणि मग माहेरी गेली ती गेलीच. खिळ्या तिला आणायला गेला होता. ती दारातच म्हणाली, “मला तुमची भीती वाटत नाही हो. पण तुमच्या शेजारी उभं राहिलं की मी पण एकटी पडते.” पुढच्या रविवारी काखेतल्या बिजलीला त्यानं एवढंच सांगितलं, “गेली. परत यायची नाही.” बिजली क्षणभर कळवळायचंच विसरला. मग त्यानं खिळ्याचा दंड धरून दाबला. लोकांना वाटलं, सुटायची धडपड चालली आहे.

नंतर ते झालं. एका शाळेत पंखे बसवताना बिजलीची शिडी घसरली आणि तो मानेवर पडला. रिंगमध्ये शिडीवरून शेकडो वेळा पडलेला माणूस, एका रिकाम्या वर्गात पडला. जीव वाचला, पण मानेखालचं बहुतेक शरीर गेलं.

आदल्याच रविवारी दोघांची काटेरी तारेची मॅच झाली होती. गावात बातमी फिरली ती अशी, की खिळ्यानं बिजलीला कायमचं लोळवलं. शाळेचं कुणी बोलेना. मालक दोन दिवस गप्प राहिला, मग खिळ्याच्या खोलीवर आला.

“लोक म्हणतायत तर म्हणू दे का?” त्यानं चाचरत विचारलं. “घरच्यांना खरं माहीत आहे. बाकी तू सांगशील तसं.”

खिळ्यानं त्याला हाकलून लावलं. पण त्याच संध्याकाळी बिजलीचा फोन आला. वहिनीनं, म्हणजे बिजलीच्या बायकोनं, फोन त्याच्या कानाला धरला होता. आवाज अगदी पातळ झाला होता.

“मालक आला होता ना?”

“आला होता. हाकलला.”

“नको हाकलू. म्हणू दे त्यांना.” बिजली दम खाऊन बोलत होता. “पंखा लावताना पडलो, यात काय आहे रे? लोक अरेरे म्हणतील आणि विसरतील. तुझ्या हातून पडलो, तर त्यात काहीतरी आहे. निदान गोष्ट तरी पुरी होईल.”

“आणि मी?”

“तुला त्रास होणार,” बिजली म्हणाला. “म्हणून तर विचारतोय.”

खिळ्या हो म्हणाला.

आणि एकदा हो म्हटल्यावर त्याला ते अर्धंमुर्धं करता येईना. मालकानं त्याच्यासाठी माइकवर बोलायचं भाषण लिहून आणलं होतं. खिळ्या म्हणाला, भाषण नको, बिजलीची एक गुडघापट्टी आणून द्या. रविवारी तो रिंगमध्ये आला, पिवळी पट्टी मधोमध ठेवली, लोक ओरडून ओरडून थकेपर्यंत नुसता उभा राहिला, आणि मग तिच्यावर सावकाश बूट पुसले. आधी उजवा, मग डावा. गोदामात असा आवाज त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. ही कल्पना कुणी दिली असती तर त्यानं त्या माणसाचं थोबाड फोडलं असतं. पण ती त्याची स्वतःचीच होती, आणि अचूक होती. आत जाऊन तो नळ सोडून बराच वेळ त्याच्यापुढं वाकून उभा राहिला.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावरची माणसं एकेक करत दुसरीकडे बसायला लागली. पॉलिशवाला एवढाच राहिला होता, चांगला माणूस, तोही एक दिवस डबा उचलताना म्हणाला, “खेळ आहे हे मला कळतं रे. पण बूट पुसायला नको होतेस.” खोलीच्या दारावर कुणीतरी कोळशानं घाण लिहून जायचं. खिळ्या ओल्या फडक्यानं पुसून कामाला जायचा. बिजलीला भेटायला दवाखान्यापर्यंत तो एकदाच गेला. फाटकापाशी फुगेवाल्यानं त्याला ओळखलं आणि मोठ्यानं म्हणाला, “आता इथंही आला का हा!” माणसं वळून बघायला लागली, तसा तो रस्ता ओलांडून निघून गेला. फोन त्यानं दोन-तीनदा केला, पण फोनवर दोघांनाही सुचायचं नाही. “काय म्हणतोस?” “बरं आहे.” “बरं मग.” एवढ्यावर संपायचं. नंतर तेही थांबलं.

रविवारी त्याच्यासमोर नवनवीन माणसं यायची. ती चांगली होती, धाडसी होती. त्यांची मान काखेत आली की ती पुढचा डाव विचारायची आणि गप्प व्हायची.

या गोष्टीला शेवट लागणार होता, आणि तो धाकटीच्या हातून लागणार होता. धाकटी म्हणजे बिजलीची बहीण. कुरिअरच्या गोदामात खोकी उचलायची, अंगानं दणकट, आणि भावानं तिला बरंच शिकवून ठेवलं होतं. भावाचा सूड बहीण घेणार, हे मालकानं जाहीर केलं तेव्हापासून लोक दिवस मोजत होते. सरावाला ती पहिल्यांदा आली तेव्हा खिळ्याला तिच्या नजरेला नजर देववेना. तीच म्हणाली, “दादा, मला सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त शिकवा.”

तिला घाई फार. खुर्ची हातात आली की हाणायची.

“थांब,” खिळ्या म्हणायचा. “उचललीस ना? आता मारू नकोस. आधी माझ्याकडे बघ. मग खुर्चीकडे बघ.”

“का?”

“तू मारावंस असं लोकांना वाटू दे. त्यांना तुझ्याआधी वाटलं पाहिजे. मग मार.”

ती हसली. “आमचा दादा अगदी असंच सांगायचा.”

“त्यानं मला सांगितलंय ते,” खिळ्या म्हणाला.

ठरलं ते असं. बिजलीला चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवायचं. अर्धी मॅच झाली की धाकटी खाली पडणार. खिळ्या रिंगमधून उतरून बिजलीकडे जाणार, त्याची कॉलर धरणार, आणि मारायला हात उचलणार. हात वर गेला की मागून धाकटीची खुर्ची. मग टेबल, मग शेवट.

त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मॅच चांगली चालली. धाकटी पडली, खिळ्या दोरांतून बाहेर आला आणि बिजलीच्या दिशेनं चालायला लागला. शिव्या थांबल्या. एवढी माणसं असूनही त्याला आपल्याच बुटांखाली काच करकरताना ऐकू येत होती. बिजली वाळला होता, मानेला पट्टा, अंगात भलताच मोठा झालेला जुना सदरा. खिळ्यानं दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली आणि दाढी त्याच्या गालाला टेकेल इतका वाकला.

“कसा आहेस?”

“मान खाजते रे,” बिजली ओठ न हलवता म्हणाला. “पट्टा काढत नाहीत.”

“हात?”

“डावा जरा चालतो. चमचा धरतो आता.”

“मुलगी?”

“शाळेत जाते. तुला घाबरते.”

“घाबरणारच.”

“बारीक झालास तू. जेवतोस ना नीट?”

आता हात उचलायचा होता. मागं धाकटी खुर्ची घेऊन उभी आहे हे त्याला कळत होतं. रेफरी दोनदा खाकरला. पण खिळ्यानं कॉलर सोडली नाही, हातही उचलला नाही. लोकांना वाटलं, हा माणूस आता त्या लुळ्या माणसाला काय काय ऐकवतोय! कुणाची तरी चप्पल त्याच्या कानाला लागून गेली. दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी पुढं आली आणि छत्रीनं त्याच्या पाठीत मारायला लागली.

“हात उचल,” बिजली म्हणाला. “धाकटी ताटकळलीये.”

“थांब जरा.”

“अरे, मारतील तुला खरोखरच.”

“मारू दे. वहिनी काय म्हणतात?”

“खिळ्या,” बिजली हळूच म्हणाला, “हे बघ.”

आणि त्यानं आपला डावा हात उचलला. तो हात फार सावकाश वर आला, थरथरत, मध्येच थांबत. अख्खं गोदाम त्या हाताकडे बघत राहिलं. म्हातारीची छत्रीही थांबली. हात खिळ्याच्या गालापर्यंत आला आणि लागला. चापट अशी, की गालावरची माशी उडाली नसती.

हे ठरलेलं नव्हतं, पण खिळ्याला तत्क्षणी कळलं की यापुढं धाकटीच्या खुर्चीला फारसं काही करायचं उरलेलं नाही. तो मागं कोलमडला, जन्मात कुणी इतक्या जोरात मारलं नसावं असा. गोदामाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. धाकटी मात्र शिकवल्याप्रमाणे थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि मग हाणली. पुढं टेबल मोडलं, रेफरीनं तीन मोजले.

हरल्यानंतर पडून राहायचं हेही कामच असतं. खिळ्या मोडक्या प्लायवर डोळे मिटून पडला होता. लोकांनी बिजलीला खुर्चीसकट खांद्यांवर घेतलं होतं, ते आवाजावरून कळत होतं. आवाज मोठ्या दाराकडे गेला, मग रस्त्यावर, मग पुलाकडे. रेफरीनं वाकून विचारलं, “ठीक?” तो म्हणाला, “ठीक.” झाडूवाला काच गोळा करायला लागला तेव्हा तो उठला आणि मागच्या दारानं निघून गेला.

यानंतर मालकानं त्याला रिंगमध्ये चांगला माणूस करून बघितलं. बदललेला, पस्तावलेला खिळ्या. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजत असताना बघायचं कुठं हे त्याला कळेना. इतकी वर्षं तो चिडलेली तोंडंच शोधत आला होता. खांदा दुखतो असं सांगून त्यानं थोड्याच दिवसांत रिंग सोडली. खांदा खरोखर दुखतही होता. पुढं धाकटीचं नाव झालं. ती मारण्याआधी थांबते, याचं लोक कौतुक करतात.

गोष्ट संपल्यावर नियमही संपला. मालक म्हणाला, “आता खुशाल भेटा.” तेव्हा खिळ्या स्वच्छ शर्ट घालून, बिस्किटांचा पुडा घेऊन बिजलीच्या घरी गेला. दिवसाउजेडी, पुढच्या दारानं. वहिनीनं हसून आत घेतलं. मुलगी आईच्या मागं लपली, मग आतल्या खोलीत पळाली. वहिनी चहा करायला गेली आणि दोघं समोरासमोर बसले.

“ये,” बिजली म्हणाला.

“आलो,” खिळ्या म्हणाला.

मग शब्द संपले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड असं शांतपणे, हातभर अंतरावरून बघितलं नव्हतं. बिजलीच्या भुवईत एक जुनी खाच होती. ती आपल्याच खुर्चीची, हे खिळ्याला माहीत होतं, पण ती एवढी खोल असेल असं वाटलं नव्हतं. बिजलीनं पावसापाण्याचं काहीतरी विचारलं. खिळ्यानं कारखान्यात नवीन मशीन आलंय ते सांगितलं. दोघं एकदम बोलायला लागले आणि दोघंही थांबले.

“तू बोल,” बिजली म्हणाला.

“नाही नाही, तू बोल.”

चहा आला. खिळ्यानं तो जीभ भाजेल इतका गरम पिऊन टाकला, निघतो म्हणाला, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा बराच लवकर बाहेर पडला. बसमध्ये शेजारचा माणूस त्याच्याकडे निरखून बघत राहिला आणि पुढची सीट रिकामी झाल्यावर तिकडे जाऊन बसला.

तरी तो जातो. महिन्यातून एखादा रविवार. वहिनी दोघांसमोर टीव्ही लावून देते. बिजलीला बातम्या आवडतात, खिळ्याला आवडत नाहीत, पण तो बघतो. मुलगी आता दारापर्यंत येऊन थांबते. परवा तिनं विचारलं, “तुम्ही कधी जाणार?” आणि खिळ्या म्हणाला, “हा काय, निघालोच.”